कायतानाला घातलेलं गाऱ्हाणं

खाजणगाव,
९ ऑगस्ट १९८३

प्रिय पास्कू,

भारत सरकारच्या टपाल खात्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती दिल्लीला धाडण्याआधी तुझ्या कानावर घालतो. आंतरदेशीय पत्राला डिंक लावणं खात्यानं सोडून दिलंय. लावतात, असं आमचे पोस्टमास्तर छातीवर हात ठेवून सांगतात. पण मग तो डिंक वृत्तीनं संन्यासी असला पाहिजे, कशालाही चिकटून राहणं त्याला मंजूर नाही. मी जिभेनं चाटलं, पाणी लावलं, वर वहाण ठेवली, शेवटी वहाणेवर मी बसलो. उठलो तर पत्र माझ्याआधी उघडलेलं. अखेर जेवणातलं भाताचं शीत लावून बंद केलं. मागच्या खेपेचं पत्र तुझ्याआधी मुंग्यांनी वाचलं असेल, तर ते असं. सत्तावीस वर्षं मराठी शिकवून मला मिळालेला हा सर्वांत एकाग्र वाचकवर्ग.

आता दुसरी तक्रार, ही तुझ्याविरुद्ध. तुम्ही मुंबईच्या कुडीत, त्या खलाशांच्या सामायिक बिऱ्हाडात, बसून काय ठराव केलात? गावचे तारवटी जहाजावरून उतरले की तुमच्या शिष्यवृत्ती फंडात पैसे टाकतात, त्यावर आमच्या मिशनच्या हायस्कुलातली एकतीस मुलं बोर्डिंगला राहून शिकतात, हे पुण्यकर्म मी कधी नाकारलं नाही. प्रत्येक मुलानं आपापल्या देणगीदाराला वर्षातून एक आभाराचं पत्र लिहायचं, हेही ठीक. फादरनी ते काम माझ्या गळ्यात घातलं, कारण म्हणे शिक्षकांत मी एकटाच कोणाचा मावसभाऊ नाही. मी दरवर्षी फळ्यावर एक पत्र लिहितो, एकतीस मुलं ते उतरवून घेतात. शुद्ध, सुवाच्य, समास सोडून. आणि आता तुम्ही कळवता की सगळी पत्रं सारखीच येतात! मग काय वेगळी यावीत? आभार सारखेच आहेत ना?

वर हा नवा नियम: यंदा मुलांनी नव्हे तर त्यांच्या आईबापांनी, स्वतःच्या शब्दांत लिहावं, आणि शिक्षकानं हात लावू नये. छान. लावत नाही. माझा हात तसाही दुखतोय.

आईबापांना बोलावणं धाडलंय. त्यातला आंबेखोलचा लवू कसा येतो ते बघायचं. आंबेखोल म्हणजे एसटी सोडून दोन डोंगर आत. त्याची मुलगी यशोदा नववीत आहे, तुझ्या त्या आनमारीच्या पैशांवर शिकते. हुशार म्हणशील तर बेताची. पण प्रश्न विचारते. तासाच्या शेवटी, घंटा होताना विचारते. त्या गावातून सातवीपुढे आलेली ही पहिलीच मुलगी, त्यामुळे तिला घंटेचा आदर कोणी शिकवलेला नाही.

गुडघा कसा आहे?

तुझा,
हरिश्चंद्र


धोबीतलाव, मुंबई
२८ ऑगस्ट १९८३

हरी मास्तरा,

पत्र पोचलं. मुंग्या नव्हत्या, शीत मात्र होतं. वाळून टणक झालेलं. वरणही पाठवलं असतंस तर जेवण झालं असतं.

गुडघ्याचं विचारू नकोस. कूड तिसऱ्या मजल्यावर, आणि तारवट्यांनी जिना बांधताना शिडीच डोळ्यांसमोर ठेवलेली. वर पोचलो की पहिली ठेच कायतानाच्या पेटीला. आठ वर्षं तीच पेटी, तीच ठेच.

तू पेटी पाहिलेली नाहीस म्हणून सांगतो. जो जहाजावर जातो त्याची पेटी कुडीत भिंतीला लावून ठेवायची, तो परत येईपर्यंत ती कोणी हलवायची नाही, हा आमचा नियम. आनमारीचा मुलगा कायतान आठ वर्षांपूर्वी मालाच्या जहाजावर गेला. जहाज बुडालं नाही, फुटलं नाही, काही नाही. एका सकाळी हजेरी घेतली तेव्हा तो नव्हता. एवढंच. कंपनीनं आईला पैसे दिले. तिनं अंगठा दिला, पैसे बँकेत टाकले आणि त्यांना हात लावला नाही. म्हणते, “तो इलो काय इचारतलो, माझे पैसे खंय खाल्लंस?” त्याच पैशांचं व्याज ती फंडात देते, त्याच्या नावानं. स्वतः मात्र पारशी कुटुंबात स्वैपाक करते. कुडीत त्याच्या जागेची वर्गणी अजून दर महिन्याला भरते. मेलेल्यासाठी देवळात घालतात ती मिस्सा त्याच्यासाठी घालू देत नाही, काळे कपडे घालत नाही. पाद्रींनी समजावलं, मी समजावलं. ती फक्त विचारते, “तुमी बघलास?” कोणी बघितलेलं नाही.

तिला वाचता येत नाही. दर वर्षी पत्र आलं की रविवारच्या प्रार्थनेनंतर देवळाच्या पायरीवर मी वाचून दाखवतो. गेल्या वर्षी तुझं ते ‘कृपाछत्राखाली डवरलेलं रोपटं’ मी एका रविवारी तीन वेगळ्या देणगीदारांना तीन पायऱ्यांवर वाचून दाखवलं. तिसऱ्यानं विचारलं, “पोरांका छत्र्यो दिल्यो काय?” नियम तिथून निघाला.

आता महत्त्वाचं. आमचा अध्यक्ष मिंगेल, जहाजावरचा जुना सारंग, त्याला माणसं अजून डेकवर उभी आहेत असंच वाटतं. त्याचं म्हणणं, फंड आपल्या लोकांचा, तर आपलीच पोरं आधी. आंबेखोलच्या हिंदू मुलीला कशाला? ऑक्टोबरच्या सभेत तो हे काढणार. एकतीसात ती एकटीच तशी आहे. म्हणून तिच्या बापाचं पत्र नीट यायला हवं. पाहिजे तर नियम मोडून तू हात लाव.

तुझा,
पास्कू


खाजणगाव,
२० सप्टेंबर १९८३

प्रिय पास्कू,

गठ्ठा सोबत आहे. एकतीस पत्रं. हात लावलेला नाही. आधी नियम करायचा, मग तोच मोडायची विनंती करायची, हे मला नोकरीत पुरेसं मिळतं; मित्राकडून नको. शिवाय सहामाहीचे पेपर, गणपतीची सजावट, आणि फादरच्या सांगण्यावरून पावसाळी नाल्यांवर एक निबंधस्पर्धा. मी दमलोय. पाकिटं आईबापांनी माझ्यासमोर चिकटवली, मी मोजून बांधली.

लवू आला. काळा, काटक, बोलका. इतका बोलका की त्याच्या गप्प बसण्याची भीती वाटत नाही, कारण ती वेळ येत नाही. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. ऐन जत्रेत, सगळा गाव मागे उभा राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत असताना देवाला सगळ्यांच्या वतीनं सांगायचं काम त्याचं, तेव्हा आवाज तो तसाच. शिक्षकांच्या खोलीत त्यानं साधं “नमस्कार मास्तरानु” म्हटलं तर भूगोलाचे सर जागे झाले.

“पत्र कोणाक लिवचा?” त्यानं विचारलं.

“ज्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे त्यांना.”

“कोण ते?”

“कायतान आल्मेडा. खाजणगावचाच. जहाजावर होता.”

“होतो? आता खंय आसा?”

“आठ वर्षं पत्ता नाही. समुद्रात.”

“नि पैसे येतत?”

“येतात.”

“थंयसून?”

समोर सातवी अ च्या वह्या होत्या. मी म्हटलं, “हो रे बाबा, तिथूनच म्हण. लिही आता.”

तो बराच वेळ गप्प बसला. म्हणजे वर लिहिलं ते मागे घेतो. मग कागद घेऊन बाहेर पिंपळाखाली गेला, आणि परत आला तेव्हा दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. चौथी शिकलाय, अक्षर मोठं आहे. पायातल्या वहाणा काढून त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं. मला वाटलं, चिखलामुळे.

गठ्ठा पोचल्याचं कळव.

तुझा,
हरिश्चंद्र


धोबीतलाव, मुंबई
३ ऑक्टोबर १९८३

हरी,

मेल्या, हे काय धाडलंस तू?

काल सभा झाली. नियमाप्रमाणे मी एकेक पत्र उभं राहून वाचत होतो. तिसांत काही नाही. उपकार, आशीर्वाद, एका बापानं उसने पैसे मागितलेत, ते चालतं. एकतिसावं फोडलं. पहिल्या ओळीलाच थांबायला हवं होतं. पण हरी, तुला ठाऊक आहे, ही गोष्ट सुरू केली की मध्येच थांबता येत नाही. उतरवून देतो:

“बा कायतान म्हाराजा, जंय खंय आसशीत, पाण्यात आसशीत, पाण्यापलीकडे आसशीत, थंयसून आज ह्या लेकराचा आयकान घे. आंबेखोलचो लवू तुका गाऱ्हाणा घालता. व्हय म्हाराजा! तुया माझ्या यशोदेक शाळेत ठेवलंस, बोर्डिंगात जेवक घातलंस. माझ्या गावच्या एकाव चेडवाक जा गावला नाय, ता तेका गावला. आमी तुका वळखणव नाय, तरी तू केलंस. व्हय म्हाराजा! आता हात धरलंस तो मधीच सोडू नको. जो कोण आडवो येत असात, तुझ्याकडचो असांदे नायतर माझ्याकडचो, तेका बाजूक कर. व्हय म्हाराजा! तसाच माझ्या चुलत्यान शेताची मेर सरकवल्यान आसा, ती वायच बघ. तांबड्या बैलाचो पाय सुजलो आसा. भाऊ गिरणी बंद पडल्यापासून घराक बसलो, तेका खंय तरी लाव. व्हय म्हाराजा! आमचा काय चुकला असात ता पोटात घाल. चेडू धावीत गेला काय तुका एक तांबडो कोंबो नि नारळ दितलंय, ह्यो माझो शब्द. नि तुझी आवस जंय असात थंय तिका सुखी ठेव. व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!”

पहिल्या ‘व्हय म्हाराजा’ला मीच दचकलो. दुसऱ्याला मागच्या बाकावरून तीन म्हाताऱ्या तारवट्यांनी साथ दिली. सवयीनं! बायबल वाचणारी माणसं ही, रोज संध्याकाळी गुडघ्यावर बसून जपमाळेचं तेर्स म्हणणारी. पण गावात वाढलेली. तिसऱ्याला अर्धी सभा. बैलाच्या पायाला तर सगळेच, इतक्या कळवळ्यानं, की खालच्या इराण्यानं वर माणूस धाडला.

मिंगेल लाल. तो म्हणतो, एक म्हणजे आमच्या माणसाला देव केला. दोन म्हणजे कोंबड्याचा नवस. आणि तीन म्हणजे ‘जो कोण आडवो येत असात’ हे त्याला उद्देशून आहे. तिसरं मी खोडू शकलो नाही. ठराव असा: बापानं हे मागे घेऊन रीतसर आभाराचं पत्र महिन्याभरात द्यावं, नाहीतर दिवाळीनंतर मुलीचं नाव कमी.

आनमारीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं, टपाल उशिरा आहे. जिचा मुलगा हरवलाय तिला हे कुठल्या तोंडानं वाचून दाखवू? ‘पाण्यात आसशीत’?

तूच लिही बाबा. ते कृपाछत्र काढ, रोपटं लाव, बापाची सही घे आणि पाठव.

पास्कू


खाजणगाव,
१७ ऑक्टोबर १९८३

प्रिय पास्कू,

रविवारी आंबेखोलला जाऊन आलो. पाय अजून दुखताहेत. जिल्हा नवा झाला, डोंगर जुनेच ठेवलेत.

लवू भात कापत होता. मला बघून खूश. “पोचला काय तेका?”

“पोचलं. पण कमिटी रागावली आहे.”

“कमिटी कायतानाची कोण?”

“कोणी नाही.”

“मगे तेंका कित्या राग येता?”

मी समजावलं. देव आणि माणूस, आभार आणि मागणं, कोंबडा आणि कॅथलिक, सगळं. वर्गात इतकं चांगलं मी कधी शिकवलेलं नाही. त्यानं शांतपणे ऐकलं, कोयता खाली ठेवला आणि म्हणाला, “मास्तरानु, घातलेला गाऱ्हाणा परत कसा घेवचा? ता काय दांडयेर सुकत घातलेला लुगडा, पावस इलो म्हणान काढला?”

“मुलीची शाळा जाईल.”

“तेच्यासाठीच तर घातलंय!”

घरातून त्याच्या बायकोचा आवाज आला, “आदी मास्तरांका पाणी दी, मगे वाद घाल.” पाणी आलं, गूळ आला, आणि वाद जिथल्या तिथे. जाताना त्यानं विचारलं, मेरेचं, म्हणजे त्या शेताच्या बांधाचं, काही कळलं का. मी डोंगर उतरायला लागलो.

संध्याकाळी बोर्डिंगच्या दारात यशोदा उभी. सगळं तिच्या कानावर गेलेलं. “सर, बाबान मेरेचा कित्या लिवल्यान? सगळ्या पोरी माका ‘मेर’ म्हणान हाक मारतत.” मग शाळेतल्या भाषेवर आली, ती गंभीर झाली की येते. “सर, नाव कमी झालं तर मला उशिरा कळवा. तुळशीचं लग्न झालं की आमच्या वाडीत मुलींची ठरायला लागतात. माझ्यासाठी एक बघून ठेवलाय. पौषापर्यंत ढकललंत तर, पौषात कोणी ठरवत नाही, हे वर्ष तरी निघेल.” आणि विचारलं, नववी पास झाल्याचा दाखला मिळतो का वेगळा.

पास्कू, मी रात्री कागद पुढ्यात घेतला. ‘आपल्या कृपाछत्राखाली’ इथवर आलो. एकतीस वेळा बिनदिक्कत लिहून घेतलेलं वाक्य, बत्तिसाव्या वेळी पुढे जाईना. मी काही तत्त्वाचा माणूस नाही, हे तू शाळेपासून जाणतोस. थकलेला असेन.

माझं म्हणणं एवढंच. पैसे मिंगेलचे नाहीत, आनमारीचे आहेत. पत्र तिच्या मुलाच्या नावाचं आहे. तिला वाचून दाखव. ती नको म्हणाली तर मी मुलीला कळवतो. उशिरा कळवतो.

हरिश्चंद्र


धोबीतलाव, मुंबई
१२ नोव्हेंबर १९८३

हरी,

तुझं पत्र पंधरा दिवस खिशात घेऊन फिरलो. धीर होईना. दोन तारखेला मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. सगळी कूड मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत. आनमारी दर वर्षीप्रमाणे गेली नाही. दुपारी मी परत आलो तर ती खाली फूटपाथवर उभी. “पास्कू, पत्र खंय आसा? सगळ्यांची इली, माझा कित्या येवक नाय?”

मी म्हटलं, पायरीवर बस, वाचतो. ती म्हणाली, “वर वाच. तेच्या पेटीकडे.”

बायकांनी कुडीत वर यायचं नाही, हा नियम माझ्या आजोबांच्या वेळचा. ती चढली. मिंगेल दारातच खुर्ची टाकून बसलेला. त्यानं तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि खुर्ची उचलून आत नेली, तिच्यासाठी. ती बसली नाही.

मी वाचलं. मेर आणि बैल गाळणार होतो, तेही गाळले नाहीत. कोणी साथ दिली नाही या वेळी. शेवटची ओळ झाली, तिच्या सुखाची. ती म्हणाली, “परत.” परत वाचलं.

“ह्या मनशान माझ्या कायतानाक बघल्यान?”

“नाय गो.”

“मगे असो कसो बोलता तेच्याकडे?”

मिंगेल पुढे होऊन म्हणाला, बाय, अडाणी शेतकरी, त्याचं मनावर घेऊ नको, त्याच्या पोरीचं नाव आपण काढतो. ती त्याच्याकडे वळली. “आठ वर्षां तुमी सगळे माझ्याकडे बोलतास. आनमारी असा कर, आनमारी तसा कर. तेच्याकडे कोणी बोललो? मागणा तेच्याकडे केल्यान आसा. तू कोण नाय म्हणणारो?”

वादळात कधी मागे न हटलेला मिंगेल इथे दोन पावलं मागे सरकला. मुलीचं नाव राहिलं, हरी. दहावी होईपर्यंत. ठराव लिहून झालाय, सही मिंगेलचीच.

ती मग पेटीवर हात ठेवून बराच वेळ उभी होती. जाताना मला म्हणाली, “मे महिन्यात गावाक जातलंय. फादराक लिव, मिस्सा घालूक होयी.”

मी विचारलं, कसली मिस्सा? आणि विचारल्यावर मलाच लाज वाटली.

“तेचीच,” म्हणाली.

यशोदेला सांग. उशिरा नको, आजच सांग.

पास्कू


धोबीतलाव, मुंबई
१० एप्रिल १९८४

हरी,

थोडक्यात लिहितो. आनमारी पंचवीस तारखेच्या गाडीनं येते. पारशिणीची नोकरी सोडलीय. बँकेतले पैसे काढून गावच्या घरावर कौलं घालणार, विहीर उपसणार, तिथंच राहणार. पेटी गेल्या आठवड्यात तिनं खाली उतरवली. आतले कपडे वाटून टाकले, रिकामी पेटी यशोदेला धाडतेय, बोर्डिंगात लागेल म्हणून. त्या जागी आता एका नव्या पोराची पेटी आहे, फायबरची. ठेच लागत नाही, पण पाय अजून तिथं आला की आपोआप उचलला जातो.

म्हणजे कायतानाची शिष्यवृत्ती यशोदेच्या दहावीबरोबर संपली. यशोदेच्या वर्षाचे पैसे तिनं बाजूला काढून दिलेत. पुढे काही नाही. तो येईल म्हणून तिनं पैसे राखले होते, आता राखायचं कारण उरलं नाही. तिला कोणी काय म्हणणार? मिंगेलनं मात्र नवा नियम केलाच: पुढल्या वर्षीपासून पुन्हा मुलांनीच लिहायचं, शिक्षकाच्या देखरेखीखाली. फळा पुसून ठेव.

गुडघ्यामुळे मला येता येत नाही. मिस्सा झाली की सविस्तर लिही.

पास्कू


खाजणगाव,
१४ मे १९८४

प्रिय पास्कू,

मिस्सा काल झाली. मी शेवटच्या बाकावर होतो. आनमारी काळ्या साडीत. तुझ्या पत्रांवरून वाटली त्याहून लहान दिसते. रडली नाही. फादरनी कायतानाचं नाव घेतलं तेव्हा तिनं फक्त मान हलवली, वर्गात हजेरीला पोरं हलवतात तशी.

यशोदा नववी पास झाली, बावन्न टक्के, म्हणजे बोलल्याप्रमाणे दहावीत गेली. म्हणून नवस फेडायला लवू हजर. पहाटेच्या एसटीनं, धुतलेलं धोतर, काखेत तांबडा कोंबडा, पिशवीत नारळ. कोंबडा मिस्सेत दोनदा आरवला. फादर अनुभवी माणूस. ते त्या त्या वेळी थांबले आणि मग पुढे गेले.

नंतर प्रश्न, हा कोंबडा द्यायचा कोणाला? लवू म्हणतो कायतानाला, फादर म्हणतात असं आमच्यात देत नाहीत. दोघंही माझ्याकडे बघतात, जसा काही हा प्रश्न पाठ्यपुस्तकातला. शेवटी फादरच म्हणाले, फेस्ताच्या सणाला लोक केळी-नारळ-कोंबड्या वाहतात, त्यांचा आपण अंगणात लिलाव करतोच. हाही त्यातलाच धरू. लिलाव सुरू झाला. पहिली बोली इतकी कमी आली की लवूला आपल्या कोंबड्याचा अपमान सहन होईना, तो स्वतःच बोली वाढवायला लागला. “अरे बाबा, तू दिलायस, तूच घेतोस काय?” “घेवचो नाय! पण भाव तरी बरो सांगा!” त्याला धरून बसवला. बोर्डिंगच्या स्वैपाकिणीनं कोंबडा घेतला.

आनमारी हे सगळं भिंतीशी उभी राहून बघत होती. मग त्याच्याजवळ गेली. मी जवळच होतो म्हणून कानावर आलं.

“तू लवू?”

इतका बोलका माणूस, नुसता हात जोडून उभा.

“माका एक सांग. गाऱ्हाणा घातलंस तेव्हा तुका काय वाटला, तो आसा काय नाय?”

लवू गोंधळला. फसवा प्रश्न आहे का म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. “ता माका कसा कळतला, आवशी? आमी देवाक घालताव, तेव्हा तरी खंय बघूक जाताव? आपला सांगायचा नि घराक येवचा. कापणी असता, गुरां असतत.”

तिनं काळ्या साडीचा पदर सावरला. मग म्हणाली, “मी आठ वर्षां घराक येवकच नाय रे.”

लवूला ते कळलं असं वाटत नाही. त्यानं तिची कोंबड्याचा भाव कमी आल्याबद्दल माफी मागितली. यशोदा पेटीच्या कडीशी उभी होती, पेटी तिच्या कमरेएवढी. आनमारीनं तिला एवढंच विचारलं, “कुलूप लावूक येता?” तिनं लावून दाखवलं.

आता तुला म्हणून लिहितो. लवूबरोबर आंबेखोलहून आणखी दोघे बाप आले होते, प्रत्येकाच्या हाताशी एक मुलगी. यशोदेचं बघून धीर आलेला. एकानं तर गाऱ्हाण्याची कच्ची प्रत लवूकडून लिहून आणलेली, नुसतं नाव घालायची बाकी. मी त्यांना सांगितलं की कायतानाचे पैसे आता येणार नाहीत. का, म्हणून विचारलं. त्याला शांती मिळाली, असं म्हणावं लागलं. दुसऱ्या बापानं मान डोलावली. “बरा झाला,” म्हणाला, अगदी मनापासून, आणि मुलीचा हात धरून सावलीत जाऊन बसला. मुलगी मात्र माझ्याकडे बघत राहिली. घंटा होताना बघतात तसं. फादरशी बोलतो म्हटलंय. बोलेनही. पण त्यातून काय निघणार, ते तुला आणि मला, दोघांनाही ठाऊक आहे.

संध्याकाळी स्टँडवर गेलो, वर्तमानपत्र आणायला. कुडाळची गाडी लागली होती. कंडक्टरनं मला हाक मारली.

“मास्तर, तो आंबेखोलचो पाव्हणो तुमच्याकडलो ना? सकाळी कोंब्याचा अर्धा तिकीट काढूक तयार नाय. म्हणता, कोंबो माझो नाय, कायतानाचो, तेच्याकडे माग. पुढे चेकर चढलो म्हणान माझ्या खिशातले घातलंय.” मग जरा थांबून, “ह्यो कायतान खंय गावतलो?”

मी म्हटलं, त्याचे माझ्याकडून घे. सुटे काढून दिले. त्यानं पैसे पिशवीत टाकले, घंटीची दोरी ओढली, आणि गाडी सुटली.

लवूच्या कानावर जाऊ देऊ नकोस. नवस मास्तराच्या पैशांनी फिटला असं कळलं तर तो माणूस दुसरा कोंबडा घेऊन येईल.

तुझा,
हरिश्चंद्र